ना धड चालू, ना धड बंद

फेब्रुवारी लागला की माझ्या टेबलावर जागा उरत नाही. एरवी इथं शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतली कंट्रोल कार्डं, वेल्डिंग मशीनचे बोर्ड, नदीकाठच्या गावांतून आलेले मोटारीचे ऑटो स्टार्टर असला माल असतो. पण डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची प्रोजेक्ट जमा करायची वेळ जवळ आली, की बुटाच्या खोक्यातून, जेवणाच्या डब्यातून, कधी नुसत्या कॅरीबॅगमधून सर्किटं यायला लागतात. तक्रार बहुतेकांची एकच असते. "सर, एलईडी लावली की बरोबर चालतंय. मोटर लावली की तापतंय."

तापतो तो मॉसफेट. आर्डुइनोसारख्या मायक्रोकंट्रोलरच्या एका पायातून वीसेक मिलिअँपियर करंट घ्यावा. चाळीसच्या पुढं गेलं तर तो पाय गेलाच म्हणून समजा. इकडं गाडीच्या वायपरची जुनी मोटर फिरवायची तर पाच-सहा अँपियर लागतात. ही दरी भरून काढायला मधे मॉसफेट बसवतात. त्याला तीन पाय: गेट, ड्रेन आणि सोर्स. गेटला सोर्सच्या मानानं पुरेसं व्होल्टेज मिळालं की ड्रेनकडून सोर्सकडं वाट मोकळी होते. गेट आतून ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरानं वेगळं केलेलं असतं, त्यामुळं एकदा चार्ज झालं की ते करंट मागतच नाही. १९५९ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मोहम्मद अताला आणि डावोन कांग यांनी हा प्रकार जमवला. आज जगातली बहुतेक सगळी इलेक्ट्रॉनिक्स त्यावर उभी आहे, आणि आमच्याकडं तो चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळतो. स्वस्त असल्यामुळंच बहुधा त्याची नीट चौकशी कुणी करत नाही.

या कामात बरीच वर्षं गेल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. मॉसफेट पूर्ण चालू असताना सुखात असतो, पूर्ण बंद असताना त्याहून सुखात असतो. हाल होतात ते मधे. ना धड चालू, ना धड बंद अशा अवस्थेत तो किती वेळ राहिला, यावर त्याचं बहुतेक आयुष्य ठरतं. म्हणून जळालेला मॉसफेट हातात आला, की तो मधे कधी आणि कुणामुळं अडकला, हे मी आधी शोधतो. कारणं दर वेळी वेगळी दिसतात, पण शोध याच ठिकाणी येऊन थांबतो.

सगळ्यात नेहमीचं कारण डेटाशीटच्या पहिल्या पानावरच असतं. एक मुलगा आयआरएफ ५४०एन घेऊन आला होता. गेट थेट ईएसपी ३२ च्या पायाला, म्हणजे ३.३ व्होल्टला जोडलेलं. डेटाशीट त्यानं वाचलेली होती, हे मला आवडलं. मोबाईलवर उघडून त्यानं ती ओळ दाखवली: गेट थ्रेशोल्ड, २ ते ४ व्होल्ट. "सर, दोनला सुरू होतोय म्हणतंय. मी तर सव्वातीन देतोय." मी त्याला त्याच ओळीत उजवीकडं सरकायला सांगितलं. तिथं अट छापलेली असते: करंट २५० मायक्रोअँपियर. म्हणजे एक मिलिअँपियरचा चौथा हिस्सा. थ्रेशोल्ड हा मॉसफेट नुकता झिरपायला लागतो तो आकडा आहे. मोटर चालवायला तो कामाचा नाही. कामाचा आकडा खाली असतो, चालू अवस्थेतल्या रेझिस्टन्सचा: ४४ मिलिओहम. आणि त्याच्यापुढं अट असते, गेटला १० व्होल्ट.

मग आम्ही पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला. बारा व्होल्टची लाईन, मॉसफेट अर्धवट उघडा, निम्मे सहा व्होल्ट त्याच्यावरच पडताहेत आणि तीन अँपियर वाहताहेत. सहा गुणिले तीन, अठरा वॅट. टीओ-२२० हे जे नेहमीचं काळं अंग आणि वर भोक असलेला पत्रा, ते हीट सिंकशिवाय दर वॅटमागं साधारण ६२ अंशांनी तापतं. अठरा वॅटचा गुणाकार त्यानं केलाच नाही, नुसता माझ्याकडं बघून हसला. मॉसफेटला तोपर्यंत मधोमध चीर गेलेली होती.

घाट चढताना अर्धा क्लच दाबून गाडी ओढणारा ड्रायव्हर आपण सगळ्यांनी पाहिलाय. इंजिन पळतंय, गाडी पळत नाही, आणि वास सुटतो क्लचप्लेटचा. अर्धवट उघड्या मॉसफेटची गत तीच.

यावर उपाय दोन. एक, कमी व्होल्टेजला पुरा उघडणारा, म्हणजे लॉजिक लेव्हल मॉसफेट घ्यायचा. आयआरएलझेड ४४एन हा ५ व्होल्टला २५ मिलिओहमच्या आत येतो असं त्याची डेटाशीट लिहून देते. सहा अँपियरला हिशेब केला तर ०.९ वॅट, हीट सिंक नसेल तर पन्नास-पंचावन्न अंश चढेल. एप्रिलच्या कोल्हापुरात बोटाला चटका बसेल, पण तो मरणार नाही. छोटा हीट सिंक लावला की चटकाही नाही. मात्र ३.३ व्होल्टला काय होईल, याबद्दल ही डेटाशीट काही कबूल करत नाही. तिथं अडीच व्होल्टला रेझिस्टन्स छापलेला पार्ट शोधायचा, एओ ३४०० सारखा. दुसरा उपाय असा, की मधे एखादा बीसी ५४७ बसवून गेटला बारा व्होल्टच द्यायचे. नेहमीच्या मॉसफेटचं गेट सोर्सच्या मानानं २० व्होल्टपर्यंत सहन करतं, त्यामुळं बाराला भीती नाही. एवढंच, की ट्रान्झिस्टरमुळं हुकूम उलटा होतो. प्रोग्राममध्ये चालूचं बंद आणि बंदचं चालू करून घ्यावं लागतं. या उलट्या हुकमानंही पुढं किती जणांना फसवलंय. कंट्रोलर गप्प असला की ५४७ बंद, आणि तो बंद म्हणजे गेटला सरळ बारा व्होल्ट. असं सर्किट पॉवर देताक्षणी मोटर फिरवतं. म्हणून या जोडणीत मी एकाऐवजी दोन ट्रान्झिस्टर वापरायला सांगतो, म्हणजे कंट्रोलर गप्प तर मोटरही गप्प.

दुकानातून आलेल्या दोन मॉसफेटमध्येही फरक असतो, हे पोरांच्या लवकर ध्यानात येत नाही. थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट याचा अर्थ एखादा नग दोनला जागा होईल, दुसरा पावणेचारला. पाच व्होल्टवर आयआरएफझेड ४४एन चालवला आणि तो चालला, तर नशीब. त्याच सर्किटचे पाच बोर्ड केले तर एखादा हमखास तापतो. शिवाय पुण्याची तपकीर गल्ली असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, नाहीतर ऑनलाइन मागवलेलं पाकीट असो, जुन्या मालावर नवं नाव छापून विकणारे कुठंही भेटतात. "माझ्याकडं चालला होता" हे वाक्य मी पुरावा म्हणून धरत नाही. डेटाशीटमधली हमी आपल्या व्होल्टेजला लागू होते का, तेवढं बघतो.

दुसरं दुखणं डोळ्यांनी दाखवता येतं. टेबलावर मी यासाठी मोटरसायकलच्या इंडिकेटरचा बारा व्होल्टचा बल्ब ठेवलाय. बल्ब आणि मॉसफेट बॅटरीला जोडायचे, गेटचा पाय मोकळा सोडायचा. मग एक बोट बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं गेटवर. बल्ब लागतो. बोटं काढली तरी लागलेलाच राहतो. पोरांना हे जादूसारखं वाटतं. गेट आणि सोर्स यांना एकाच बोटानं शिवलं की बल्ब विझतो. गेटवर बसलेल्या चार्जला जायला वाट नाही, म्हणून तो तिथंच थांबतो, एवढंच ते आहे. पण नवा, स्वच्छ बोर्ड असेल तर बल्ब बराच वेळ जळत राहतो. पावसाळ्यात, फ्लक्सचा चिकटा तसाच ठेवलेल्या बोर्डावर, तो हळूहळू मंद होत जातो. चार्ज ओलाव्यातून गळत असतो. त्या मंद होण्याच्या काळात मॉसफेटच्या पत्र्याला हात लावून बघायला सांगतो. बल्ब पूर्ण लागलेला असताना जो पत्रा थंड होता, तोच आता गरम लागतो. माझं सगळं म्हणणं त्या एका स्पर्शात आहे. अर्ध्या तासाच्या लेक्चरनं जे पोचत नाही, ते तिथं पोचतं.

गेट मोकळं कोण सोडेल, असं वाटतं. रोज सुटतं. आर्डुइनोला पॉवर दिल्यावर प्रोग्राम सुरू होईपर्यंत त्याचे पाय इनपुट असतात, म्हणजे गेटच्या दृष्टीनं कुणीच नसतो. नवा प्रोग्राम चढवताना तीच स्थिती. जंपर वायर ढिली झाली तरी तीच. यावर इलाज म्हणजे गेट आणि सोर्सच्या मधे दहा किलोओहमचा रेझिस्टर, फुटकळ किमतीचा. कुणी हुकूम देत नसेल तेव्हा तो गेटला खाली ओढून बंद ठेवतो. माझा आग्रह फक्त जागेबद्दल असतो. हा रेझिस्टर मॉसफेटच्या पायाशीच पाहिजे. कंट्रोलरच्या बाजूला लावला आणि मधली वायर निघाली, तर तो असून नसल्यासारखा.

हा सल्लाही डोळे मिटून चालत नाही. एका मुलीचा ठिबकचा प्रोजेक्ट होता: मातीतला ओलावा मोजायचा आणि छोटा पंप चालू-बंद करायचा. बोर्ड नोडएमसीयू, पंपाचं गेट डी-३ ला. पॉवर दिली की पंप क्षणभर उडायचा, म्हणून तिनं कुणाचं तरी ऐकून दहा किलोओहम खाली लावला. त्यानंतर बोर्ड सुरूच होईना. दोन दिवस ती प्रोग्राममधली चूक शोधत बसली होती. खरी गोम अशी, की डी-३ आणि डी-४ या पायांवर नोडएमसीयूवरची ईएसपी ८२६६ चिप सुरू होतानाच वरचं व्होल्टेज असावं लागतं. त्यासाठी बोर्डावर आधीच वर ओढणारे रेझिस्टर असतात. वरचा वर ओढतो, खालचा खाली ओढतो, व्होल्टेज मधे लटकतं, आणि चिपला कळेना काय करायचं. आम्ही पंप डी-१ वर हलवला. तो पाय सुरुवातीला गप्प असतो. पंपाचं उडणं थांबलं, बोर्डही सुरू झाला. तिला मी एवढंच सांगितलं, की पाय निवडताना तो काय करू शकतो हे सगळेच बघतात, तू तो सुरुवातीला काय करतो तेही बघत जा.

आवाजाचा किस्सा अधूनमधून येतोच. मोटरचा वेग कमी-जास्त करायला गेट सेकंदाला काही शे वेळा उघड-बंद करतात. आर्डुइनोत हा वेग बहुतेक पायांवर ४९० असतो, आणि मोटर कुईं असा आवाज करते. परीक्षकांसमोर हा आवाज बरा दिसत नाही म्हणून एकानं कुठून तरी दोन ओळी आणून टायमर बदलला. वेग ३१ हजारांवर गेला. आवाज गेला, आणि पाच मिनिटांत मॉसफेटही गेला. त्यानं गेटला एक किलोओहमचा रेझिस्टर लावला होता, 'कंट्रोलरला जपायला'.

गेट करंट मागत नाही हे मी वर म्हटलं, ते स्थिर असताना खरं. उघडताना आणि मिटताना त्यात चार्ज भरावा आणि काढावा लागतो. आयआरएलझेड ४४एनमध्ये ड्रेनचं व्होल्टेज खाली येत असतानाच २५ नॅनोकूलंबपर्यंत चार्ज खर्च होतो. त्या वेळी गेट तीनेक व्होल्टवर अडून बसतं. पाचातून तीन गेले, उरले दोन व्होल्ट. एक किलोओहममधून दोन मिलिअँपियर. त्या करंटनं २५ नॅनोकूलंब भरायला बारा मायक्रोसेकंद, आणि मिटताना आणखी आठेक. उघडण्या-मिटण्यात वीस मायक्रोसेकंद गेले. सेकंदाला ४९० फेऱ्या असताना एक फेरी दोन हजार मायक्रोसेकंदांची, त्यात वीस म्हणजे काहीच नाही. ३१ हजारांना फेरीच बत्तीस मायक्रोसेकंदांची. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ बिचारा मधेच. प्रोग्राम बरोबर, मॉसफेट बरोबर, रेझिस्टर लावायचा विचारही बरोबर. फक्त तिघांची गाठ बसत नव्हती.

रेझिस्टर काढून टाकायचा का, तर नाही. रिकामं गेट पहिल्या क्षणी कंट्रोलरच्या पायाला जवळजवळ शॉर्टसारखं दिसतं. दीडशे-दोनशे ओहम ठेवले तर धक्का तीस मिलिअँपियरच्या आसपास राहतो, आणि काही शे फेऱ्यांच्या कामाला तेवढं भरपूर. वेग खरंच वाढवायचा असेल तर गेट ड्रायव्हर लावावा. टीसी ४४२७ सारखी आठ पायांची आयसी दीड अँपियरचा धक्का देते. मग गेट मायक्रोसेकंदांऐवजी नॅनोसेकंदांत उघडतं. त्याचंही एक पथ्य आहे. फार झटक्यानं उघडलं की लांब वायरींवर व्होल्टेज थरथरतं, म्हणून ड्रायव्हर आणि गेटच्या मधे दहाएक ओहम ठेवावेत आणि ड्रायव्हरच्या पायाशी कपॅसिटर. मोटरवर उलटा डायोड तर हवाच, आणि या वेगाला तो १एन४००७ नको. तो मंद आहे. शॉट्की लावावा, मोटरच्या करंटला झेपेल असा.

पाठीवरच्या फवारणी पंपानं मला वेगळंच शिकवलं. त्यात बारा व्होल्टची आठ अँपियर-अवरची बॅटरी असते. करवीर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या पोरानं त्याला वेग कमी-जास्त करणारा बोर्ड बसवला होता, फार नीटनेटका. घरी चालायचा. शेतात तासाभरानं मॉसफेट जळायचा. बदललेला पुन्हा जळायचा. "दादा, उन्हामुळं होत असंल का?" असं त्यानं विचारलं. बॅटरी उतरवत नेऊन बघितल्यावर उलगडा झाला. बॅटरी उतरली की पंप सुरू होताना व्होल्टेज दणकन खाली बसायचं. पाच व्होल्टचा रेग्युलेटर वरून सात तरी मागतो; ते मिळेनासे झाले की कंट्रोलरला चार, साडेतीन, तीन असं मिळायला लागायचं. आर्डुइनोचा कंट्रोलर २.७ व्होल्टपर्यंत स्वतःला जिवंत समजतो, तशीच त्याची ब्राउन-आउटची पातळी लावून येते. म्हणजे तीन व्होल्टवर तो ऐटीत 'चालू' म्हणतोय, आणि गेटला पोचताहेत तेच तीन व्होल्ट. बुद्धी शाबूत, हातात जोर नाही.

आम्ही ब्राउन-आउटची पातळी ४.३ व्होल्टवर नेली. आता व्होल्टेज पडलं की कंट्रोलर सरळ रिसेट होतो, गेट खाली जातं, पंप थांबतो. शिवाय बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की पंप बंद आणि लाल दिवा. पोराला सुरुवातीला हे पटलं नाही. "आधी निदान अर्धवट तरी फवारणी व्हायची." मी म्हटलं, अर्धवट फवारणीत औषध पानावर नीट बसत नाही, आणि मॉसफेट दर आठवड्याला लागतो. थांबलेला पंप बॅटरी चार्ज करायची आठवण तरी करतो.

फौंड्रीतल्या कामांनी जमिनीची, म्हणजे ग्राउंडची, गोष्ट शिकवली. एका ठिकाणी वाळूच्या मशीनचा सोलेनॉइड चालवणारा बोर्ड मनानंच टकटक करायचा. कंट्रोलर पॅनेलमध्ये, मॉसफेट मशीनजवळ, आणि गेटची एकटी वायर इंडक्शन फर्नेसच्या केबलांशेजारून पळवलेली. गेटसारखा नाजूक कान घेऊन त्या गोंगाटातून जायचं, तर तो काहीही ऐकणार. वर सोलेनॉइडचा परतीचा करंट आणि कंट्रोलरचा ग्राउंड एकाच बारीक वायरीतून. त्या वायरीवर अर्धा व्होल्ट पडला, की तो गेटच्या व्होल्टेजमधून वजा झालाच म्हणायचं. मॉसफेट पॅनेलमध्ये कंट्रोलरशेजारी आणला, गेटची वायर बोटभर केली, जाड करंटाला स्वतंत्र जाड वायर दिली, गेट-सोर्समध्ये पंधरा व्होल्टचा झेनर टाकला. टकटक थांबली. लांब न्यायची असेल तर ताकदीची वायर लांब न्यावी, हुकमाची नको. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये याचीच धाकटी आवृत्ती दिसते: मोटरची बॅटरी वेगळी, कंट्रोलरची वेगळी, आणि दोघांचे मायनस एकमेकांना जोडलेलेच नाहीत. गेटला व्होल्टेज मिळणार ते कुणाच्या मानानं?

सगळीच मरणं मधे अडकून येत नाहीत, हेही सांगायला हवं. हिवाळ्यात हवा कोरडी झाली की स्थिर विजेनं गेलेले मॉसफेट येतात. पोरं सुटे पार्ट थर्माकोलात खोचून आणतात, दिसायला छान, पण थर्माकोलासारखं स्थिर वीज साठवणारं दुसरं काही नसेल. अंगावरची तीन हजार व्होल्टची ठिणगीही आपल्याला जेमतेम जाणवते. गेटची मर्यादा वीस व्होल्टची. काळ्या फोमात नाहीतर ॲल्युमिनियम फॉइलमध्ये आणा म्हणून सांगतो. अशा माराचा दगा असा, की मॉसफेट लगेच मरतोच असं नाही. ऑक्साइडला बारीक भोक पडतं, गेट गळायला लागतं, आणि महिनाभरानं तो ऐन वेळी मधेच लटकतो.

पुराचंही तसंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी ओसरल्यावर बोर्डांचे ढीग आले होते. लोकांनी ते उन्हात वाळवले होते आणि वाळल्यावर लगेच लाईट दिली होती. वाळलेला गाळ ओल धरून ठेवतो, आणि गेट-ड्रेनच्या पायांमधली ती पुसट रेघ गेटला बारा व्होल्टकडं खेचत राहते. बोर्ड आधी स्वच्छ पाण्यानं धुवायचा, मग आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, लावून ब्रशनं घासायचा, नीट वाळवायचा, आणि शेवटी वार्निशचा हात. पाण्यानं धुतो म्हटल्यावर गिऱ्हाईक दचकतं. पण ज्या बोर्डांना लाईट दिली गेली नव्हती, त्यातले पुष्कळ वाचले.

माझ्या कामाची पद्धत खऱ्या अर्थानं बदलली ती एका अंडी उबवायच्या पेटीमुळं. पन्हाळ्याकडच्या एका तरुणानं गावरान कोंबड्यांसाठी घरीच केली होती. आत बारा व्होल्टचा हीटर, तापमान ३७.५ अंशांवर धरायचं, एकवीस दिवस. मॉसफेट पाच व्होल्टवर चालणारा साधा, कोमट राहणारा. 'कोमटच तर आहे' म्हणून दुर्लक्षित. पंधरवड्यानंतर एका रात्री तो ड्रेन-सोर्समध्ये शॉर्ट झाला. पेटी माझ्याकडं आली तेव्हा मी आधी प्रोग्राम तपासला, मग सेन्सर. दोन्ही चोख. त्या रात्री कंट्रोलरनं वाढतं तापमान बरोबर वाचलं होतं, गेट बरोबर बंद ठेवलं होतं, डिस्प्लेवर इशारासुद्धा दिला होता. हीटर चालूच राहिला. सगळी अंडी गेली.

मॉसफेट मरतो तेव्हा बहुतेक वेळा चालू अवस्थेत मरतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या पेटीनंतर ते माझ्या नकाशात आलं. तोवर मी सर्किट तपासायचो ते 'हुकूम पोचतो का' या अंगानं. आता विचारतो, हुकूम पोचूनही कुणी ऐकलं नाही तर काय? त्या पेटीत आम्ही हीटरच्या वायरीतच केएसडी ३०१ जातीचा पत्र्याचा थर्मोस्टॅट टाकला. त्याला प्रोग्राम नाही, गेट नाही. ठरलेल्या तापमानाला पत्रा वाकतो आणि वायर तुटते. शिवाय फ्यूज. गेटला पाचाऐवजी बारा व्होल्ट. ड्रेन-गेट शॉर्ट झालं तर बारा व्होल्ट उलटे कंट्रोलरमध्ये शिरू नयेत म्हणून मधे पीसी ८१७ हा ऑप्टोकपलर. या सगळ्याचा खर्च एक डझन गावरान अंड्यांपेक्षा कमी आला.

तयार प्रोजेक्ट विकत मागणारेही येतात. धंदा आहे, मी करूनही दिलेत. पण तसल्या बोर्डाबरोबर तोंडी परीक्षेत मुलाच्या तोंडून काही निघत नाही, हे मला दिसतं. म्हणून हल्ली एक अट घालतो: सोल्डरिंग तुझं, हिशेब तुझा, टेबल माझं. २३० व्होल्टचं काम मात्र पोरांना करू देत नाही. बारा व्होल्टला शिकताना पार्ट जळतो. तिथं माणूस जाऊ शकतो.

कॉलेजात मोटर फिरली की मार्क मिळतात, त्यामुळं मोटर फिरेपर्यंतच पोरं विचार करतात. त्यांचा दोष नाही, त्यांना तेच विचारलं जातं. न फिरण्याची हमी कुणी मागत नाही. कारखान्यात मात्र पैसे त्याचेच मिळतात: लाईट येते-जाते तेव्हा, वायर तुटते तेव्हा, प्रोग्राम अडकतो तेव्हा मशीननं गप्प बसावं याचे.

म्हणून आता कुणी सर्किट आणलं की मी प्रोग्राम उघडत नाही. कंट्रोलर सॉकेटमधून काढून खिशात ठेवायला सांगतो आणि बारा व्होल्ट द्यायला लावतो. मोटर हलली नाही आणि पाच मिनिटांनी मॉसफेट गार लागला, तरच कंट्रोलर परत बसवायचा. मोटर हलली, तर त्या दिवशी आमचं बोलणं फक्त दहा किलोओहमवर होतं.